मागच्या खोलीची मंजुरी

आधी कागद बघायचे आणि मग सामान हलवायचं, एवढं शहाणपण तिला होतं. विमा कचेरीत तिचं कामच कागद तपासण्याचं. पण बाबांचे गुडघे गेलेले, जुनं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि हे घर मिळालं तळमजल्याचं. घरमालकीण म्हणाली, “खरेदीखत होईल सावकाश. वडिलांना आणा तुम्ही.” मागची खोली हवेशीर होती. परवा बाबांची खाट तिथे लागली, आणि आज ती त्या खोलीच्या बांधकामाची मंजुरी शोधत नगरपालिकेच्या रेकॉर्ड खोलीत उभी होती. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

“वकील म्हणाले, मागची खोली नंतर वाढवलेली दिसते,” तिने कारकुनाला सांगितलं.

त्याने फाईल उघडली. ओल्या मातीचा वास आला.

“मंजुरी नाहीच.”

तिचा चेहरा पडला. “दंड भरून नियमित करता येईल ना?”

“खोली असती तर करता आली असती. ही नऊ वर्षांपूर्वी पाडली. हा पंचनामा, हा फोटो.”

फोटोत स्वयंपाकघराचं मागचं दार होतं. दारापलीकडे मोकळी जमीन, आणि तिच्यावर भिंतींची चौकोनी खूण.

तिला हसूच आलं. “अहो, काहीतरी घोटाळा आहे. माझे वडील आत्ता त्याच खोलीत झोपलेत.”

कारकून हसला नाही. त्याने फाईल हळूच मिटली. “बाई... घरी जा तुम्ही. लवकर जा.”

घरी पोचताच तिने मागचं दार ढकललं. बाहेर लख्ख दुपार होती. गुडघाभर गवत. खाट नाही, भिंती नाहीत. कसाबसा तिने फोन लावला. बाबांनी लगेच उचलला.

“अगं, आहेस कुठे? केव्हाचा दाराकडे बघतोय.”

“बाबा... मी दारातच उभी आहे.”

“मग ये की आत. तुझ्या आईसारखी उंबऱ्यातून काय बोलतेस? आणि दिवा लाव. फार काळोख झालाय.”

घरमालकिणीचा फोन कायमचा बंद झाला. पोलिसांनी बाबांना बेपत्ता म्हणून नोंदवलं. बाबा मात्र रोज फोनवर भेटत. भूक लागत नाही म्हणत. त्यांच्या फोनची बॅटरीही संपत नव्हती.

शेवटी तिने तिला जमणारं एकमेव काम केलं. खोली नियमित करण्याचा अर्ज दिला. कागदावर पाडलेली खोली कागदावर उभी राहिली, तर बाबा परत येतील, अशी वेडी आशा. आपणच त्यांना तिथे नेऊन ठेवलं, हे तिला झोपू देत नव्हतं.

तपासणीला इंजिनिअर आला. एकटाच होता. गवतात दोन मिनिटं उभा राहिला आणि त्याने लिहिलं: जागेवर बांधकाम आढळत नाही. तिने त्याचे हात धरले, रडली, गयावया केली.

“ताई, नसलेल्या खोलीला मंजुरी कशी देऊ?” तो म्हणाला. पिशवीतली टेपसुद्धा न काढता तो गेला.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज दबलेला होता, अंग चोरून बसल्यासारखा.

“अगं, साहेब येऊन गेले. तिघं होते. सगळी खोली मोजली.”

“काय... काय म्हणाले?”

“म्हणाले, खोली जास्त मोठी झालीय. उद्यापासून भिंती आत घेणार आहेत.”