आज काय मिळालं

पहिल्या संध्याकाळी मी मोजली तेव्हा वटवाघळं एकतीस होती. पहिलं सहा वाजून सात मिनिटांनी बाहेर पडलं, शेवटचं सहा तेविसाला. लातूर, जानेवारी २००२. घर गुरुबसप्पा मास्तरांचं. पुढच्या दोन खोल्या आम्हा बहिणींना भाड्यानं. भूकंपात पश्चिमेची भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये हातभर लांब, दोन बोटं रुंद फट पडली होती. आठ वर्षांत ती कुणी बुजवली नव्हती.

फट नेमकी आरतीच्या टेबलाच्या वर होती. आरती बारावीला, सीईटीसाठी नायगावहून माझ्याकडं आलेली. मी प्राणिशास्त्रात पदवी घेऊन एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. लेंड्यांच्या वासानं तिला खोकला लागला होता आणि दोन सराव परीक्षा बुडाल्या होत्या. तिसरी सोमवारी होती.

उपाय सोपा होता. संध्याकाळी सगळी बाहेर पडली की फट सिमेंटनं बंद करायची. पण एकही आत राहता कामा नये. राहिलं तर तिथंच मरेल, कुजेल. म्हणून मोजणी.

मी मोजत असताना मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसत, भिंतीकडं पाठ करून, आणि दिवसभरात जे मिळालं ते मोठ्यानं सांगत.

"नळ आला, बरं झालं. गुडघा दुखला न्हाई, बरं झालं. भाकरी मऊ झाली, बरं झालं."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत. वटवाघळं एकतीस, 'बरं झालं' एकतीस. मला वाटलं, पंखांचा आवाज ऐकून बोलत असतील. चौथ्या दिवशी घड्याळ हातात धरून बसले. आधी ते बोलत, मग वटवाघूळ निघे.

खाली एक शेरा आहे: माणसाचा उल्लेख एकदाही नाही.

"अप्पा, माणसांबद्दल कधी काही म्हणत नाही तुम्ही?"

"म्हणलो होतो एकदा. भूकंप झाला त्या सांजंला."

"कुणाबद्दल?"

"बायको, पोरगं. दोघंबी वाचले म्हणून."

ते एकटेच राहत. घराला ती फट सोडली तर काही झालेलं नव्हतं. मी पुढं विचारलं नाही.

शनिवारी रात्री ते लग्नाला उदगीरला गेले. "मी येईस्तोर फटीला हात लावू नका, मॅडम," म्हणाले. आम्ही खोल्या सोडाव्यात म्हणून ते फट बुजवू देत नाहीत, असा मला संशय होता.

रविवारी सहा वाजून सात मिनिटं झाली. तेवीस झाली. एकही बाहेर आलं नाही. आत खरखर ऐकू येत होती.

"ताई, अप्पावानी म्हण की तू."

"गप. अभ्यास कर."

"बघ तर," आरती हसत हात जोडून उभी राहिली. "नळ आला, बरं झालं!"

एक बाहेर पडलं. तिचं हसू थांबलं.

मग आम्ही आळीपाळीनं म्हणू लागलो. लाइट गेली नाही. बाबांनी शेंगा पाठवल्या. चहाला दूध पुरलं. मी बोटांवर मोजत होते. तीस बाहेर पडली.

एक आत राहिलं होतं. नखं ओरखडत होती. सिमेंट कालवलेलं होतं, अंधार पडत होता आणि मला काही सुचेना. आरतीला खोकल्याची उबळ आली.

"उद्या पेपर हाय ताई. कायबी म्हण."

"आरती माझ्याजवळ आहे," मी म्हणाले. "बरं झालं."

एकतीस. मी फट लिंपली.

सकाळी पावणेसातला आरती आधीच टेबलाशी बसून लिहीत होती, माझ्याकडं पाठ. खोकला नव्हता. मला हायसं वाटलं.

नळ कोरडा होता. दिवा लागला नाही. दुधावरचं झाकण काढलं तर पातेलं रिकामं. शेंगा सोलायला घेतल्या. टरफल अखंड, कीड नाही, आत दाणा नाही. दहा फोडल्या. दहाही तशाच.

बाहेर वटवाघळं भिंतीला चिकटून सिमेंट ओरबाडत होती.

मी स्टुलावर चढून खुरप्यानं अजून कच्चं असलेलं सिमेंट खरवडून काढलं. ती एकेक आत शिरू लागली. घरात दिवा लागला. नळ खरखरला आणि पाणी आलं. अकरावी शेंग फोडली. दोन दाणे.

मी आठ वाजेपर्यंत फटीखाली उभी होते.

आत तीस गेली.

"आरती?"

"हाव, ताई." तिनं पेन थांबवलं नाही.

मी तिच्या मानेला हात लावला. मग क्लासच्या खोक्यातून प्रयोगशाळेचे दोन तापमापक आणले. एक तिच्या काखेत ठेवला. सांगितल्याबरोबर तिनं हात उचलला, मग काख मिटली. दुसरा टेबलावर ठेवला. पाच मिनिटं घड्याळ पाहिलं.

टेबलावरचा: १९.५ अंश.

काखेतला: १९.५ अंश.