दुपारी एक चाळीसचा लॉग

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती, तर फुजैलने ती सांगताना स्वतःच्या तोंडाला एवढं काळं फासून घेतलं नसतं.

गेल्या मार्चमधली. पनवेलचं एक ट्रान्सपोर्ट ऑफिस, न्हावा शेव्याच्या कंटेनरचं काम. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारी, एक चाळीस.

बरोब्बर त्या वेळी ऑफिसचा लिनक्स सर्व्हर रोज बंद पडायचा. गेटपास अडायचे, ड्रायव्हर बोंबलायचे, शेठ सर्व्हर सांभाळणाऱ्या फुजैलच्या डोक्यावर बसायचे.

लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच ठेवलेली नोंद, वाचायचे कष्ट कोण घेणार? फुजैलने सांगून टाकलं, "काळूरामकाका झाडताना प्लग हलवतात."

काका तेव्हाच केर काढायचे, सगळे जेवायला गेले की. दसऱ्याला त्या मशीनला झेंडूचा हार घालणारा माणूस!

"मी हात पन नाय लावला," काका म्हणाले. "फुजैल, तुला ठाव हाय ना?"

फुजैल मोबाईलमध्ये बघत राहिला. काकांना त्याच दिवशी काढलं.

दुसऱ्या दिवशी एक चाळीसला मशीन पुन्हा बंद!

आता त्याने लॉग उघडला. मेमरी संपली होती. संपवणारी स्क्रिप्ट रोज एक चाळीसला सुरू होणाऱ्या बॅकअपची... फुजैलनेच लिहिलेली.

"या अल्लाह..." लाजेने त्याचे कान तापले.

त्याने चूक गुपचूप सुधारली. लॉग पुसला. शेठना उद्या सांगू, म्हणाला. रोज उद्या.

कामावरून काढल्याच्या नवव्या दिवशी काका वारले.

दहाव्या दिवशी ऑफिस रिकामं होतं. एक चाळीस झाले.

टेबलाखालून आवाज आला... खर्र... खर्र...

केरसुणीचा.

तो वाकला. खाली कुणीच नव्हतं. फरशी मात्र लख्ख.

मशीन बंद पडलं होतं. चालू करून त्याने लॉग पाहिला...

पुसलेल्या ओळी परत आल्या होत्या. तीच तारीख, त्याचंच नाव.

पुन्हा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. डिस्क बदलली, तरी आल्या.

शेवटी तो उलव्याजवळ काकांच्या घरी गेला. गोदूकाकीने चहा दिला.

"शेवटपर्यंत सांगत व्हते, मी नाय केला म्हनून. तू शिकलेला हायस. खरा सांग, त्यांनी केला का?"

"नाही, काकी."

"मंग कुनी?"

चहावर साय धरली. फुजैल कप तसाच ठेवून उठला.

मशीन अजूनही रोज बंद पडतं. एक चाळीस झाले की फुजैल खुर्चीत पाय वर घेऊन बसतो. जेवून परतणारे हसतात.

त्यांना केरसुणीचा आवाज येत नाही. काका मात्र केर काढत त्याच्या खुर्चीपर्यंत येतात... आणि तिथेच थांबतात.