बुचाचं कडं

"अनंत, ही गाठ सुटतच नाहीये रे," वनमाला दुखरी नखं चोळत चुलतभावाला म्हणाली.

काकांची छोटी यॉट मनोरीच्या किनाऱ्याजवळ नांगरली होती. मार्तंडकाका आणि त्यांच्या ऑफिसातले दशरथकाका जेवून शिडाच्या सावलीत आडवे झाले होते. वनमाला दिवाळीच्या सुट्टीत बोरीवलीहून अंधेरीला काकांकडे आली होती. पहाटेपासूनच्या उन्हावाऱ्यानं तिचं अंग आंबून गेलं होतं. पाठ टेकायला जागा शोधताना तिला ते दिसलं. बुडणाऱ्याला फेकायचं बुचाचं कडं कुणीतरी कठड्याला गच्च आवळून टाकलं होतं.

अनंतनं निरखून पाहिलं. "ही तर फायलींची लाल फीत. म्हणजे बाबा, नाहीतर दशरथकाका."

"कुणी का असेना, काप ती."

त्यांनी फीत कापली आणि कड्याला लांब दोर बांधला. मग वनमालानं बुडणाऱ्याचं डोकं समजून एक नारळ पाण्यात टाकून पाहिला. ती क्षणभर अनंतकडे वळली, तेवढ्यात नारळ लाटांत दिसेनासा झाला. 

"कुणी पडलं तर मी फक्त त्याच्याकडे बघणार आणि हाताचं बोट त्याच्यावर रोखून धरणार," ती म्हणाली. "कडं तू फेकायचंस."

काका जागे झाल्यावर हे ऐकून हसले. "अगं, वीस वर्षं शीड हाकतोय मी. कोण पडतंय?"

परतीला वारा मागून होता. सगळेच थकले होते. सुकाणू दशरथकाकांच्या हाती होतं आणि त्यांचे डोळे मिटत होते. काका काठाशी उभं राहून, कशालाही न धरता, सिगारेट पेटवत होते. सुकाणू जरासं फिरलं, शीड धाडकन दुसऱ्या बाजूला आलं आणि त्याचा आडवा दांडा काकांच्या खांद्यावर बसला.

काका पाण्यात होते.

"काका पडले!" वनमाला ओरडली. तिचं बोट त्यांच्या डोक्यावर रोखलेलं होतं. अनंतनं कडं फेकलं, पण यॉट पुढे सरकली होती. दोर संपत आला, तशी कडं वाऱ्यानं दूर जाऊ नये म्हणून त्यानं दोराच्या टोकाला बादली बांधून तो सोडून दिला.

दशरथकाका नुसते बघत राहिले होते.

"दशरथकाका, वळवा," ती मागे न बघता म्हणाली. "माझ्या बोटाकडे बघून वळवा. जवळ गेलो की सकाळी काकांनी थांबवताना केलं तसं वाऱ्याकडे तोंड करा आणि शीड सैल सोडा."

पाण्यावर ऊन चमकत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, हात शिशासारखा जड झाला होता. डोकं लाटेमागे जाई, पुन्हा वर येई. ती पापणीही लववायला भीत होती. अखेर काकांनी कडं पकडलेलं दिसलं.

यॉट त्यांच्याजवळ येऊन थबकली. अनंतनं बादलीचा दोर हाती घेतला आणि दुसऱ्या दोराचा फास पाण्यात सोडला. काकांनी त्यात पाय रोवला आणि अनंत व दशरथकाकांनी मिळून त्यांना वर ओढलं. ते फळ्यांवर पालथे पडून खोकत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"पोरी, हात खाली घे आता," ते म्हणाले. "मी इथे आहे."

तेव्हा कुठे तिला कळलं, की आपला हात अजून समुद्राकडेच आहे.

वर्सोव्याच्या धक्क्यावर सुगंधाकाकू वाट बघत होत्या. काकांचे ओले कपडे पाहून त्या चपापल्या. दशरथकाका सारवासारव करायला पुढे झाले, पण काकांनी त्यांना थांबवलं.

"मी पडलो. खडखडतं म्हणून कडंही मीच बांधून टाकलं होतं. या दोघांचं डोकं ठिकाणावर होतं, म्हणून मी तुझ्यासमोर उभा आहे."

काकूंनी दोघांना जवळ ओढलं.  काकूंच्या कुशीत वनमालानं सगळा भार सोडून दिला.