तिसऱ्या मिनिटाचा वेग

फळ्यावर कोडं लिहिलं होतं. धावणारी बस तासाभरात बरंच अंतर कापते, मिनिटात त्याहून कमी, सेकंदात त्याहूनही कमी. मग अगदी एका क्षणात किती कापते? काहीच नाही, कारण क्षणाला लांबीच नसते. अंतर शून्य, वेळही शून्य. मग त्या क्षणी बस धावते आहे की उभी आहे?

"आपला सगळा विषय या कोड्यात आहे," सोपानसर म्हणाले.

साताऱ्याच्या त्या कॉलेजात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला 'कलन परिचय' हा विषय नुकताच सक्तीचा झाला होता. कलन म्हणजे बदलाचं गणित. इतिहास शिका नाहीतर संगीत, एवढा एक विषय पार केल्याशिवाय गत्यंतर नाही, असा नियम निघाला होता. ज्यांनी दहावीतच गणिताला कोपरापासून हात जोडले होते, त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. शिकवायला होते सोपानसर. ते यंत्रमानव (माणसासारखं बोलणारं आणि अनुभवातून शिकणारं यंत्र) होते आणि मंगळावरच्या वसाहतीतल्या शाळेत बरीच वर्षं शिकवून पृथ्वीवर आले होते.

आता मंगळावरची एक रीत सांगायला हवी. तिथे माणसं हवेने भरलेल्या मोठमोठ्या घुमटांखाली राहतात. हवेची झडप कशी फिरवायची हे शिकवल्यावर मास्तरांनी "समजलं?" म्हणून विचारलं आणि एखाद्याने न समजताच हो म्हटलं, तर अख्ख्या वस्तीच्या जिवावर बेतायचं. म्हणून तिथली पोरं बिनदिक्कत "नाही समजलं" म्हणतात. सोपानसर या रिवाजात तयार झालेले. "नाही" ऐकलं की ते सावकाश शिकवत, "हो" ऐकलं की वेग वाढवत.

आणि आपल्याकडे? तुम्हीच आठवून बघा. पहिलीपासून बाईंनी "समजलं का रे?" म्हटलं की सगळा वर्ग सुरात "होऽऽ" म्हणतो. त्यात समजण्याचा काही संबंध नसतो. 'एक साथ नमस्ते' निघतं तसाच तो हो तोंडातून निघतो. हे सोपानसरांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे पहिल्याच तासाला गंमत झाली. सर थोडं शिकवायचे, मिनिट झालं की विचारायचे, "समजलं?" वर्ग म्हणायचा, "होऽऽ". सर खूश व्हायचे आणि आणखी भराभर शिकवायचे. या सगळ्या होकारांत सर्वांत खणखणीत आवाज शलाका ढवळेचा. शलाका इतिहासाची विद्यार्थिनी, शाळेत कायम पहिली आलेली, घरीदारी 'हुशार' म्हणून नावाजलेली. अशा मुलीला एक अडचण असते. मला कळलं नाही, असं म्हणायची तिला सवयच नसते.

तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो नामदेव कोळेकरचा होता. माण तालुक्यातल्या एका वाडीतून आलेला, अंगाने किडकिडीत, बोलायला भिडस्त.

"सर, मला न्हाय कळलं. परत सांगता का?"

वर्ग खदाखदा हसला. शलाकाही हसली. आणि हसता हसता, उगाच सरांपुढे चमकायचं म्हणून, बोलून बसली, "सर, तुम्ही पुढे चला. त्याला मी समजावीन."

"उत्तम," सर म्हणाले. "कोळेकर, तुम्ही ढवळे यांच्याकडून समजून घ्या." मंगळावर ज्याला समजलं त्याने दुसऱ्याला शिकवायचं, अशी पद्धतच होती. सरांना त्यात वावगं काही दिसलं नाही.

खरी गोम अशी होती, की शलाकाला त्या फळ्यावरचं ओ की ठो कळलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिची पळापळ सुरू झाली. कोळेकर कँटीनच्या दाराशी उभा राहायचा. "शलाका, आज सांगतीस का?" आज तिची दाढ दुखायची. उद्या नाटकाची तालीम असायची. परवा तिला पाचची चुंबकबस (रुळांना न टेकता चुंबकाच्या जोरावर तरंगत जाणारी बस) गाठायची असायची, मग घड्याळात साडेतीनच का वाजलेले असेनात. घरी बसून तिने समजून घ्यायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पाया कच्चा, आणि वर्ग रोज पुढे पळत होता. विचारायचं तरी कुणाला? सगळ्यांनी तिचाच तर हो ऐकला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला बजावत राहिली, आणि कोळेकर दिसला की जिन्याची दुसरी बाजू धरत राहिली.

एका गुरुवारी त्याने तिला जिन्यातच गाठलं. पण त्याने काही विचारलं नाही.

"आता राहू दे," तो म्हणाला. "उद्या तास झाला की सरांना सांगून विषय सोडतोय."

"सोडतोस म्हणजे? मग पुढे? तुला शिक्षक व्हायचंय ना?"

"ते ह्याच्याबिगर व्हत न्हाय. ठावं हाय मला." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत होता. "तुम्हा सगळ्यांना एका फटक्यात कळतंय आन मला एकट्याला न्हाय. म्हंजी माझ्याच डोक्यात खोट हाय. असल्या मास्तराकडनं पोरं काय शिकणार?"

एवढं बोलून तो उतरून गेला. शलाकाची कानशिलं तापली. आजवर तिला पकडले जाण्याची भीती वाटत होती, आता मात्र लाज वाटली. एक मुलगा तिच्या खोट्या होकारावर विश्वास ठेवून स्वतःला मठ्ठ समजू लागला होता.

ती सरळ वर्गात गेली. सोपानसर खिडकीशी उन्हात बसून पाठीवरच्या पट्ट्यांतून ऊर्जा भरून घेत होते. तिथेही तिने आधी शहाणपणाच केला.

"सर, कोळेकरला सोप्या शब्दांत कसं समजावू?"

"तुम्हाला जसं समजलं तसंच सांगा," सर म्हणाले. "तुम्हाला कसं समजलं?"

शलाका खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सर वाट बघत होते. त्यांना कंटाळा येत नसे, हीच पंचाईत होती.

"नाही समजलं, सर," ती शेवटी पुटपुटली. "पहिल्या दिवसापासून नाही. मी खोटंच हो म्हणत होते. मला वाटतं, बरेच जण तसंच म्हणतात."

सरांचे डोळे दोनदा मिचकले. ते मोठा हिशेब करत असले की असं होई. "म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या माहितीवर धावत होतो," ते म्हणाले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "बसा. कोळेकरांनी हात वर केला त्या क्षणी मी किती वेगात होतो, ते आपण काढू."

त्यांनी फळ्यावर पहिल्या तासाची नोंद उमटवली. पहिलं मिनिट संपलं तेव्हा एक ओळ शिकवून झाली होती. दुसरं संपलं तेव्हा चार. तिसरं संपलं तेव्हा नऊ, चौथं संपलं तेव्हा सोळा.

"मिनिटांना त्याच संख्येने गुणलं की ओळी मिळतात," शलाका हळूच म्हणाली. "तीन त्रिक नऊ. चार चोक सोळा."

"बरोबर. अर्ध्या मिनिटांनाही हाच नियम लावा. कोळेकरांचा हात वर आला तो तिसरं मिनिट संपताना. तिथून चौथ्या मिनिटाच्या शेवटापर्यंत मी किती ओळी शिकवल्या?"

"सोळातून नऊ गेले, सात. म्हणजे मिनिटाला सात ओळी."

"हा झाला सरासरी वेग (एकूण काम भागिले एकूण वेळ). पण त्या मिनिटातही मी वेग वाढवतच होतो. म्हणून आपण वेळ कमी करू. तीनपासून साडेतीनपर्यंत बघा."

तिने आकडेमोड केली. साडेतीन गुणिले साडेतीन म्हणजे सव्वाबारा. त्यातून नऊ गेले, सव्वातीन ओळी, अर्ध्या मिनिटात. "म्हणजे मिनिटाला साडेसहा."

"आणखी कमी करा. मिनिटाचा फक्त दहावा भाग."

"तीन पूर्णांक एक दशांश, गुणिले तेवढेच. नऊ पूर्णांक एकसष्ट शतांश. नऊ वजा केले, एकसष्ट शतांश उरले. त्याला एक दशांशाने भागलं..." ती थबकली. "सहा पूर्णांक एक दशांश."

"शतांश मिनिट घेतलं तर उत्तर सहा पूर्णांक एक शतांश येतं. आता दुसऱ्या बाजूने या. हात वर येण्याच्या आधीचं अख्खं मिनिट घेतलं तर?"

"नऊ वजा चार, पाच. आधीचा दहावा भाग घेतला तर..." तिने पुन्हा गुणाकार केला. "पाच पूर्णांक नऊ दशांश."

"आणि शतांश घेतला तर पाच पूर्णांक नव्व्याण्णव शतांश. काय दिसतंय?"

शलाका फळ्याकडे बघत राहिली. एका बाजूने सात, साडेसहा, सहाच्या किंचित वर. दुसऱ्या बाजूने पाच, मग सहाच्या किंचित खाली. दोन्हीकडून उत्तरं एकाच घराकडे चालली होती.

"सहा," ती म्हणाली. "पण आपण शून्याने भागलंच नाही."

"भागायचंच नसतं. क्षणाची लांबी शून्य करायला गेलात की हाती शून्य भागिले शून्य येतं, आणि त्यातून काही कळत नाही. म्हणून वेळ लहान लहान करत जायचा आणि उत्तरं कुठल्या संख्येकडे निघालीत ते बघायचं. त्या संख्येला सीमा म्हणतात. आणि त्या क्षणाच्या वेगाला, म्हणजे गोष्ट त्या क्षणी किती झपाट्याने बदलते आहे हे सांगणाऱ्या संख्येला, विकलज म्हणतात. मंगळावर यान उतरवताना जमीन टेकण्याच्या क्षणाचा वेग असाच काढतात."

इतकं साधं होतं ते! तिला हसू येईना, रडूही येईना. एवढ्या साध्या गोष्टीसाठी तिने महिनाभर एका माणसाला कँटीनच्या दाराशी ताटकळत ठेवलं होतं.

"सर, तुम्हीच सांगा ना कोळेकरला, की कुणालाच समजलं नव्हतं."

"मी सांगेन. पण त्यांनी माझं नाही, तुमचं ऐकून स्वतःला कमी ठरवलं," सर म्हणाले. "माझ्या शब्दाने ते फिटेल असं मला वाटत नाही."

शुक्रवारी कोळेकर मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, गाडी यायच्या आधी लोक स्टँडवर बसतात तसा. सरांनी मुद्दाम नेहमीसारखीच शिकवायला सुरुवात केली. मिनिट झालं. "समजलं?"

"होऽऽ," वर्ग म्हणाला.

शलाका उभी राहिली. घोकून आणलेलं सगळं ती विसरली.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही समजलं. आधीचंही समजलं नव्हतं." वर्ग वळून बघायला लागला. "कोळेकरला समजावते म्हणाले तेव्हा मला स्वतःलाच काही येत नव्हतं. मी हसले होते त्याला. मग तोंड चुकवत फिरले. आत्तापर्यंतचं थोडं मला काल कळलं, तेही सरांनी शिकवलं तेव्हा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. पहिल्या बाकावरची, संगीत शिकणारी अन्विता खाली मान घालून नखं बघत होती, आणि तिच्या शेजारचा तर कान खाजवत छताकडे बघायला लागला होता.

कोळेकर मागून म्हणाला, "मग मला बघून रोज पळत का व्हतीस?"

"लाज वाटत होती."

त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, माझी लाज वाटतीय. वाडीवरचा म्हणून."

शलाकाला वाटलं होतं, सगळं सांगून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आपण पळत होतो तेव्हा मागे उभा असलेला माणूस काय समजत होता, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिचे डोळे भरले. "नाही रे," एवढंच ती म्हणू शकली.

मग अन्विता उठली. "सर, मलाही नाही समजलं." तिच्यामागून आणखी दोघं उठली, मग एकेक करत जवळजवळ सगळा वर्ग. सोपानसरांचे डोळे इतके मिचकले की ते बिघडतात की काय असं सर्वांना वाटलं. पण त्यांनी शांतपणे फळा पुसला आणि खडू शलाकाच्या हातात दिला.

तिने ओळींचा आणि मिनिटांचा हिशेब मांडला. दोनदा चुकली, पुसून पुन्हा लिहिलं. सात, साडेसहा, सहा पूर्णांक एक दशांश. दुसरीकडून पाच, पाच पूर्णांक नऊ दशांश.

"एक इचारू?" कोळेकर म्हणाला. "तो येग सहाच हाय, का सहाच्या जवळपास?"

शलाकाने फळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"फार चांगला प्रश्न," सोपानसर म्हणाले, आणि यंत्राच्या आवाजात जेवढी खुशी मावते तेवढी त्यात होती. "जवळपास आहेत त्या आपल्या सरासऱ्या. त्या सगळ्या ज्या संख्येकडे जातात ती नेमकी सहा. त्या क्षणी माझा वेग बरोब्बर सहा होता, थोडाही कमी नाही, जास्तही नाही. हा प्रश्न नीट सोडवायला पृथ्वीवरच्या मोठमोठ्या गणितज्ञांना पिढ्या लागल्या. तुमच्या शाळेतली मुलं तुम्हाला हाच विचारतील, कोळेकर, तेव्हा उत्तर तयार ठेवा."

कोळेकर ऐकत होता. मग तो बाकावर पुढे सरकून फळ्यावरचे आकडे स्वतःच्या बोटांनी हवेत गिरवू लागला. पाच पूर्णांक नऊ दशांशाशी तो थांबला, त्याने मान हलवली, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला.

तास संपल्याची घंटा झाली. विषय सोडायचं सांगायला तो सरांकडे जाणार, म्हणून आपल्या बाकावर परत येऊन बसलेली शलाका त्याच्याकडेच बघत होती. तो उठला, पिशवी खांद्याला लावून बाकांमधून पुढे आला. सरांच्या टेबलापर्यंत तो गेला नाही. शलाकाच्या बाकाशी थांबला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "सरक जरा. ती नऊ दशांशाची आकडेमोड मला परत करून बघायचीय."