ऑरिनची पाठ

ऑरिन ट्वेट नावाच्या माणसाला बसायला कुणी शिकवलंच नव्हतं. सव्वासहा फूट उंची, त्यावर लोकरी टोपी, आणि पालकांच्या रांगेत जागा नेमकी व्हर्ला ह्रुस्काच्या पुढ्यात. बास्केटबॉल त्याच्या लेकीकडे, ब्रिटाकडे, गेला की हा ताड उभा. ब्रिटा कॉलेजच्या संघात, पहिल्या पाचातली. म्हणजे हा सामनाभर उभाच.

व्हर्लाची लेक मार्नी राखीव खेळाडूंच्या बाकावर. तीन वर्षं. नेब्रास्काच्या बर्फातून तीन तास गाडी हाकत व्हर्ला यायची, ती पोरीला पाणी पिताना बघायला.

आणि शनिवारी, दोन मिनिटं उरली असताना, मार्नीला मैदानात उतरवलं! व्हर्ला खुर्चीच्या टोकाशी सरकली... आणि ऑरिन उभा राहिला.

"मार्नी! शाब्बास पोरी, हाण!"

व्हर्लाला दिसली ती हिरव्या कोटाची पाठ. मार्नीचे दोन फ्री थ्रो हुकले, तेसुद्धा गर्दीच्या उसाशांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर, संघाच्या पानाखाली, लोकांनी पोरीची सालटी काढली. 'खांबाला जर्सी घातलीय.' व्हर्लानं दात आवळले. उत्तर द्यायचं नाही, अशी मार्नीनं शपथच घातली होती. पण खाली उत्तर होतं. स्वतःच्या नावानिशी, ऑरिन ट्वेट: 'आधी तीन वर्षं कुरकुर न करता बसून दाखव. आणि तिच्या आईसारखी बाई उभ्या नेब्रास्कात नाही.' अशी एकवीस उत्तरं!

मार्नीचा फोन आलाच. "आई, कोण गं हा? सगळी टीम हसतेय. थांबव त्याला, नाहीतर तू मॅचला येऊच नकोस!"

पुढच्या सामन्याला व्हर्ला तासभर आधी पोचली. ऑरिन पायरीवर बूट आपटून बर्फ झाडत होता. तिला बघून त्यानं टोपी काढली.

"अक्कल आहे का हो तुम्हाला?"

"होती थोडी. तुम्ही सगळ्यांना वाटलेले जर्दाळूचे गोड पाव, ते 'कोलाची', खाल्ले, त्या दिवशी गेली."

"गोड बोलू नका. माझ्या पोरीची दोन मिनिटं गिळलीत तुम्ही. तीन वर्षांत दोन मिनिटं!"

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं... तुमचे यजमान गेल्यापासून तुम्ही एकट्याच येता. मीही एकटाच. म्हटलं, तुमच्या पोरीसाठी आपण ओरडावं."

"आणि ते फोनवरचं?"

"पोरीचं रागानं लिहिलं." कान लालबुंद. "तुमचं... खरं लिहिलं. तोंडावर सांगायला तीन वर्षं धीर झाला नाही."

त्याच्या पापणीवर बर्फाचा एक कण विरघळला—तो तिनं बघितला, आणि बघितला म्हणून स्वतःवरच चिडली.

तिनं हात पुढं केला. "फोन."

त्यानं दिला. पर्समध्ये टाकून तिनं चेन ओढली, त्याला बाहीला धरून आत नेलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर थाप मारली.

"बस इथं. शेजारचा कितीही उंच असला तरी आड येत नाही. मोसम संपेस्तोवर फोन माझ्याकडं. आणि ऑरिन, माझ्याबद्दल जे काय जगाला सांगायचंय ना तुला, ते माझ्या कानात सांग. मार्नी बाकावर असते... वेळच वेळ आहे."