पोफळीवर अडकलेली खारू

सन २०७४. श्रीवर्धनच्या एका वाडीत खारू नावाची यंत्रखार पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, मिठी मारून बसली होती, जमिनीपासून वीस फुटांवर, गेले दोन तास. बॅटरी भरलेली, तारा शाबूत, सहाही पाय धडधाकट. तरी ना हालचाल, ना आवाज. का?

खाली बारा वर्षांची शर्वाणी मान वर करून उभी होती. खारूच्या पायांचा ड्रायव्हर, म्हणजे पाय चालवणारा प्रोग्रॅम, तिने लिहिला होता आणि अप्पांना, म्हणजे आजोबांना, न दाखवताच खारूत भरला होता. अप्पांनी आयुष्यभर अवकाशयानांचे प्रोग्रॅम तपासले होते. प्रत्येक ओळीला ते ‘आणि नाही झालं तर?’ असं विचारत. तिचे कान किटले होते.

आता धाकूकाका धोतर खोचून पायात दोरीचा फास अडकवत होते. पन्नास वर्षं सुपाऱ्या उतरवणाऱ्या काकांचा गुडघा गेल्या साली झाडावरून पडून मोडला होता. त्यांना पुन्हा चढावं लागू नये म्हणून तर खारू आली होती. आणि तिलाच काखोटीला मारून आणायला काका चढणार होते.

शर्वाणीने धावत जाऊन अप्पांना सगळं सांगून टाकलं. अप्पा रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी झाडाखाली खुर्ची मांडली आणि काकांसाठी चहा मागवला. कप संपेपर्यंतच थांबेन, असं काकांनी बजावलं.

“वाच,” अप्पा म्हणाले.

तिने आधी रचना सांगितली. खारूला दोन मेंदू. मोठा कुठे जायचं ते ठरवतो. पायांतला छोटा म्हणजे कोप्रोसेसर (सोपवलेलं एकच काम करणारा मदतनीस मेंदू). तो फक्त पकड सांभाळतो. मोठ्या मेंदूत कर्नल असतो (सगळ्या कामांना पाळीपाळीने वेळ वाटणारा कारभारी) आणि त्याच्या वतीने मदतनिसाशी बोलणारा ड्रायव्हर (दुभाष्या). मग ती ओळी वाचू लागली. काकांनी बशीत चहा ओतला.

“‘पकड पक्की आहे का?’ असं विचार. उत्तर येईपर्यंत थांब. तोवर दुसऱ्या कुठल्याही कामाला पाळी देऊ नकोस.”

“आणि उत्तर नाही आलं तर?”

“येतंच. घरी शंभरदा आलं.”

अप्पांनी नुसतं वर पाहिलं. तिनेही पाहिलं. खोड दवाने ओलं होतं. पायात पाणी शिरून छोट्या मेंदूची वीज क्षणभर गेली असणार. तो पुन्हा सुरू झाला, पण विचारलेला प्रश्न विसरला. आता तो प्रश्नाची वाट पाहत होता आणि मोठा उत्तराची. बाकीच्या कामांना पाळीच नाही, म्हणून खारूचं तोंडही बंद.

“आमच्याकडच्या दोन विहिणी,” काका म्हणाले. “ही म्हणते तिने आधी बोलावं, ती म्हणते हिने. मधल्यामधे पंगत खोळंबली.”

“वाट पाहण्यात चूक नाही,” अप्पा म्हणाले. “किती वेळ पाहायची, ते तू ठरवलं नव्हतंस.”

शर्वाणीने नवं लिहिलं: सेकंदाचा शंभरावा भाग थांब. तोवर इतरांना पाळी दे. उत्तर नाही, तर पुन्हा विचार. तीनदा नाही, तर पायांचा मेंदू नव्याने सुरू कर आणि तसं मोठ्याने सांग.

पण ते वर पोचवणार कसं? अडकलेली खारू काही ऐकतच नव्हती. आधी तिच्या शेपटीखालचं, बंद करून नव्याने सुरू करायचं बटण दाबायला हवं होतं. वीज गेली तरी स्प्रिंगमुळे पंजे मिटलेलेच राहतात, हे शर्वाणीला पक्कं ठाऊक होतं. काकांनी कप खाली ठेवला. तो रिकामा होता. तिने घाईघाईने दोन बांबू एकमेकांना बांधून त्यांच्या हाती दिले. काकांचा नेम तिसऱ्यांदा लागला.

“सुप्रभात,” खारू म्हणाली आणि गुमान उतरली.

नवा ड्रायव्हर भरल्यावर ती पुन्हा चढू लागली, तेव्हा अप्पांनी मुद्दाम तिच्या पायांवर पाइपाने पाणी मारलं. खारू थांबली.

“पायांकडून उत्तर नाही. नव्याने सुरू करते आहे.”

आणि ती सरसर वर गेली. काकांनी पायातला फास सोडला आणि आणखी एक कप चहा मागितला.

अप्पांनी आतून एक जाड फाइल आणली. शनीच्या चंद्रावर जाणार असलेल्या यानाचे ड्रायव्हर त्यात होते, त्यांनी स्वतः लिहिलेले. तिथे बांबू घेऊन कोणी जाणार नाही, तेव्हा हे तू तपास, असं त्यांनी तिला सांगितलं.

तिसऱ्या पानावर शर्वाणीने एका ओळीवर बोट ठेवलं. “आणि उत्तर नाही आलं तर?” अप्पांनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि खुर्ची तिच्या शेजारी सरकवली.