अप्पांचा घास

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्या घरात घडली ते घर जुळे सोलापुरात आहे आणि माणसं अजून तिथेच राहतात. फरक इतकाच की त्या घरातला टीव्ही आता भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असतो.

आणि ती रात्रही नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती.

उत्कर्षा एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. आजही ती 'भूत' हा शब्द तोंडातून काढत नाही. "मला किळस आली," एवढंच म्हणते.

तिचे सासरे गुरुबसप्पा. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. लकवा झाल्यापासून अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली. सासू हेमावती, म्हणजे अव्वा, गेल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून अप्पांनी जेवणच सोडलं. चमचा ओठांशी नेला की दातखीळ बसल्यासारखे दात घट्ट.

त्यावर तोड सापडली ती अचानक.

उत्कर्षाच्या लग्नाच्या व्हिडिओत पोरांनी आग्रह करकरून अव्वा-अप्पांनाही घास भरवायला लावलं होतं. अव्वा लाजत हात पुढे करतात... तो क्षण टीव्हीवर आला की अंथरुणावरचे अप्पा 'आ' करायचे. नेमका तेव्हाच दूधभाकरीचा चमचा आत सारायचा. मग पुन्हा तोच घास, पुन्हा 'आ'.

त्यासाठी उत्कर्षाने जुने भाग जोडून एक छोटा कॉम्प्युटर टीव्हीखाली बसवला. त्यावर लिनक्स टाकलं. बटण दाबलं की दुसरं काही नाही, फक्त अव्वांचा घास.

अव्वा जिवंतपणी म्हणायच्या, "म्हातारा माझ्या एकटीच्या हातचं खातो. मी गेल्यावर बघते की, कुणाच्या हातचं खातोय ते!"

तेव्हा सगळे हसायचे.

त्या मे महिन्यात एके दिवशी कॉम्प्युटरने अपडेट घेतलं आणि पडदा काळा झाला.

अप्पांनी तोंड मिटलं ते मिटलंच. मोबाइलवर, लॅपटॉपवर तोच व्हिडिओ लावून पाहिला, तरी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले. "उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

मागे दवाखान्यात नळी घातली तेव्हा अप्पांचे हात कॉटला बांधले होते. नळीचं नाव ऐकून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नवरा, ओजस, कामाला दुधनीला गेलेला. घरात उत्कर्षा आणि दिवसा अप्पांचं करायला येणाऱ्या रत्नम्मा, दोघीच.

"माणूस रुसला, आता मशीन बी रुसलं व्हय?" रत्नम्मा वाटी घेऊन अप्पांच्या उशाशी बसल्या.

"रुसायला काय झालं? ड्रायव्हरचा घोळ आहे, मावशी. होईल आत्ता."

उत्कर्षाने लॅपटॉप घेतला आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये शिरली. अपडेटने सिस्टीमचा गाभा नवा आला होता, पडद्यावर चित्र पाठवणारा ड्रायव्हर मात्र जुनाच राहिला होता. नेहमीचं दुखणं. तिने तो काढला, नवा टाकला, मशीन बंद करून चालू केलं.

टीव्हीवर अक्षरं आली. सिग्नल नाही.

केबल बदलली. सिग्नल नाही.

मशीनमधल्या नोंदी वाचल्या. ड्रायव्हर नीट चढलेला. ग्राफिक्स कार्ड ठणठणीत. फक्त टीव्ही जोडलेलाच नाही, असं मशीन सांगत होतं.

तेवढ्यात...

टक. टक.

उत्कर्षाची बोटं थांबली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

अव्वांना मिश्रीचं व्यसन होतं. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की घरभर ठसका. मग ती काळी पूड बोटावर घेऊन हिरड्यांना तासन्‌तास घासायच्या, आणि उत्कर्षा तांदूळ धूत असायची त्याच बेसिनमध्ये पचकन थुंकायच्या. काळी, तार धरणारी थुंकी. कित्येकदा उत्कर्षा त्या दिवशी जेवलीच नव्हती.

मिश्रीची डबी उघडायच्या आधी अव्वा झाकणावर बोटाने वाजवायच्या. टक, टक.

त्या गेल्यावर लुगडी, चपला, सगळं देऊन टाकलं. डबी तेवढी राहिली. झाकण घट्ट बसायचं म्हणून उत्कर्षाने ती राखेने घासली, उकळत्या पाण्यातून काढली आणि तिच्यात कॉम्प्युटरचे स्क्रू ठेवू लागली.

"मावशी, डबी वाजवली का?"

"मी? मी हितं वारा घालायलेय की अप्पास्नी. डबी तर तुमच्या म्होरं हाय."

खरंच, डबी तिच्याच पुढ्यात होती.

तिने वीज बंद केली, केबल काढून फरशीवर टाकली आणि मशीनचा पत्रा उघडला.

आतून वास आला... भाजलेल्या तंबाखूचा.

"काय जळलं की काय?" रत्नम्मांना ठसका लागला.

"धूळ असेल."

तिने ग्राफिक्स कार्डाचे स्क्रू काढले, ते उपसलं आणि उजेडात धरलं. कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्या काळवंडल्या की लॅबमध्ये खोडरबराने घासतात. इथे पट्ट्या दिसतच नव्हत्या. वर काळा, चिकट थर होता.

तिने खोडरबर फिरवला. रबर ओला झाला. उचलला, तर त्याच्यामागे तार आली.

लाळेची असते तशी.

तिने रबर फेकला. हातातले स्क्रू कुठेतरी ठेवायचे म्हणून तिने न बघताच डबी उघडली आणि बोटं आत घातली.

बोटं रुतली.

आत ओली मिश्री होती. काठोकाठ. थुंकीत कालवलेली.

आणि कोमट... नुकतीच कुणाच्या तोंडातून काढल्यासारखी.

उत्कर्षाला उमासा आला. तोंडावर हात न्यायचीही सोय नव्हती, हात तसला झाला होता.

"बाई..." रत्नम्मांनी बोट दाखवलं. "लागला की वो टीव्ही."

कार्ड उत्कर्षाच्या डाव्या हातात होतं. केबल फरशीवर. मशीनची वीज बंद.

टीव्हीवर लग्नाचा मांडव होता.

अव्वा होत्या. पण आता लाजत नव्हत्या. हात शेजारच्या अप्पांकडे जातच नव्हता. तो सरळ पुढे येत होता... खोलीकडे. चिमटीत भात नव्हता. काळं, ओलं काहीतरी होतं, आणि ते बोटांवरून ओघळत होतं.

अंथरुणावरच्या अप्पांनी 'आ' केलं.

"मावशी, काही घालू नका तोंडात!"

"मी कुटं घालतेय?" रत्नम्मा भिंतीला चिकटल्या होत्या. वाटी खाली, चमचा वाटीत.

अप्पांनी तोंड मिटलं.

मच... मच... मच.

सावकाश चावलं. गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. आणि पुन्हा 'आ'.

हनुवटीवरून काळा ओघळ उशीवर उतरला.

उत्कर्षाने धावत जाऊन भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं. पडदा विझला.

चावणं थांबलं नाही.

सकाळी डॉक्टरांनी अप्पांचं पोट दाबून पाहिलं. "पोट भरलेलं आहे. नळी कशाला? छान जेवलेत हे."

ओजसने ती डबी शहराबाहेर नेऊन विहिरीत टाकली. टीव्हीसुद्धा देऊन टाकायचा, असं त्या दोघांनी ठरवलं होतं. घेणारा टेम्पो दारात आला आणि अप्पांनी दात मिटले. टेम्पो परत गेला, तेव्हा कुठे उघडले.

मग टीव्ही राहिला. वायरी काढून, तोंड भिंतीकडे करून.

दूधभाकरी रत्नम्मा रोज कुस्करतात आणि रोज भरल्या वाटीने परत नेतात. गेल्या महिन्यात डॉक्टर खुशीत होते. "वजन चांगलं वाढलंय. काय देता हो जेवायला?"

उत्कर्षाने ओजसकडे पाहिलं. ओजसने खाली.

"दूधभाकरी," रत्नम्मा म्हणाल्या.

भर दुपारी अप्पांच्या खोलीतून आवाज येतो. टक, टक. त्या वेळी आत कुणी जात नाही. चावणं थांबलं की उत्कर्षा नाकाला पदर लावते, ओलं फडकं घेते आणि अप्पांची हनुवटी पुसायला जाते.

अप्पा तिच्याकडे बघून समाधानाने हसतात.

हिरड्या काळ्याकुट्ट झाल्या आहेत.